सीईपीचा रिपोर्ट शेवटी कुणाकडे जातो?

सेकंड इयरच्या मुलांचे मेसेज परत सुरू झालेत. मॅडम, सीईपीला कुठला टॉपिक घेऊ, मॅडम, व्यसनमुक्तीवर चालेल का, मॅडम, मागच्या बॅचचा एखादा रिपोर्ट बघायला मिळेल का. ज्यांच्या घरात सध्या कॉलेजात जाणारं कुणी नाही त्यांच्यासाठी सांगते, नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्याकडे डिग्रीच्या मुलांना कम्युनिटी एंगेजमेंट प्रोजेक्ट म्हणजे सीईपी आणि फिल्ड प्रोजेक्ट असे २-२ क्रेडिटचे विषय आलेत. कॉमर्सवाला असो, सायन्सवाला असो नाहीतर आमचा आर्ट्सवाला, प्रत्येकाने बाहेर लोकांमध्ये जायचं, काहीतरी अभ्यास करायचा आणि रिपोर्ट द्यायचा. कल्पना मला मनापासून आवडते. मी समाजशास्त्र शिकवते, चार भिंतींच्या आत समाज शिकवण्यात काय अडचण असते ते रोज बघते, त्यामुळे हा विषय सक्तीचा झाला तेव्हा मला आनंदच झाला होता आणि आजही आहे.

पण टॉपिक विचारणाऱ्या प्रत्येक मुलाला मी आधी एकच गोष्ट विचारते, की बाळा, तुझा रिपोर्ट लिहून झाला की तो जाणार कुणाकडे? जवळपास सगळे म्हणतात, तुमच्याकडे मॅडम. मग माझ्याकडून? डिपार्टमेंटच्या कपाटात. मग कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची टीम आली की कपाटातून टेबलावर, आणि टेबलावरून परत कपाटात. ज्या वस्तीत जाऊन तू पन्नास बायकांना त्यांचं उत्पन्न, नवऱ्याची दारू, मुलांची शाळा असं सगळं विचारलंस, त्या पन्नासातल्या एकीच्या तरी हातात ते पडणार आहे का? आणि पडलं तर तिला त्याचा उपयोग काय? याचं उत्तर देता येत नसेल तर टॉपिक कितीही भारी असू दे, मला त्यात रस नाही.

हे मी हवेत बोलत नाहीये. आपल्याच पुण्यात, कर्वे रोडवर, एका विद्यापीठाच्या डिपार्टमेंटने हे काम असं करून दाखवलंय की त्याचा फायदा आज तुमच्याआमच्या दारात रोज सकाळी येतो, फक्त तो विद्यापीठातून निघाला होता हे कुणाला माहीत नसतं. मी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत या कचरावेचकांच्या संघटनेबद्दल बोलतेय. आणि विद्यापीठ म्हणजे एसएनडीटी, महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये सुरू केलेलं महिला विद्यापीठ.

एसएनडीटीच्या पुणे कॅम्पसमध्ये निरंतर व प्रौढ शिक्षण आणि विस्तार कार्याचा विभाग आहे. १९९० च्या आसपास या विभागाचं कचरा वेचणाऱ्या बायका आणि मुलांच्या वस्त्यांमध्ये साक्षरतेचं काम चालू होतं. पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण ही त्या कामातली मुख्य नावं. आता साक्षरतेचा वर्ग म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे काय येतं, पाटी, फळा, गमभन. पण मुलं वर्गात का टिकत नाहीत हे बघायला ही मंडळी त्यांच्याबरोबर कचरा वेचायला गेली. भल्या पहाटे कंटेनरपाशी, खांद्यावर पोतं टाकून. आणि तिथे गेल्यावर जे दिसलं ते प्रश्नावलीत कधीच आलं नसतं. माल मिळतो तो घाणीत लडबडलेला, त्यामुळे भंगारवाला भाव पाडतो, त्यामुळे दिवसभर फिरूनही पोट भरत नाही, त्यामुळे पोरांना बरोबर न्यावं लागतं, आणि वरून पोलीस चोर म्हणून हटकतात. म्हणजे पोरांच्या शाळेचा प्रश्न आईच्या कमाईत होता, आईच्या कमाईचा प्रश्न आपल्या डस्टबिनमध्ये होता! ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा केला आणि सुका सरळ या बायकांच्या हातात दिला तर निम्मी गाठ सुटते.

मग त्यांनी तेच केलं. बायकांना विद्यापीठाची ओळखपत्रं दिली, कोरेगाव पार्कसारख्या भागात घरोघरी बोलून वेगळा केलेला कचरा थेट त्यांना मिळेल अशी सोय सुरू केली. हे ओळखपत्र वरवर साधा कागद वाटतो पण जिला आयुष्यभर वॉचमनने गेटवरून हाकललंय तिच्या गळ्यात विद्यापीठाचं नाव असलेलं कार्ड येणं म्हणजे काय, याचा विचार करा. पुढे हे काम चांगलं चालतंय म्हटल्यावर त्याच भागात एका खाजगी उद्योजकाने गाडी लावून कचरा उचलायचा घाट घातला, बायकांचा माल हातचा जायची वेळ आली, आणि त्यांनी मिळून विरोध केला. तिथून हे सगळ्यांना कळलं की वीस-तीस जणींच्या गटाने भागायचं नाही, शहरभर संघटना पाहिजे. १९९३ मध्ये पुण्यात कचरावेचकांचं अधिवेशन झालं, कष्टकऱ्यांचे नेते डॉ. बाबा आढावांच्या अध्यक्षतेखाली, आठशेच्या वर लोक जमले आणि पंचायत उभी राहिली. बाबांची हमाल पंचायत तेव्हा कितीतरी वर्षं जुनी होती, त्यामुळे असंघटित कष्टकऱ्यांची संघटना कशी बांधायची याचा अनुभव आयता मिळाला.

या संघटनेत बहुसंख्य बायका, आणि त्यातही बहुतेक मातंग आणि नवबौद्ध समाजाच्या. कित्येक कुटुंबं १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून, सोलापूर भागातून पुण्यात आलेली. गावात जमीन नाही, शहरात शिक्षण नाही म्हणून दुसरं काम मिळेना, आणि धुणीभांडी करायला घरात घेताना जात आडवी यायची. मी वर्गात जात आणि श्रमविभागणी शिकवते तेव्हा पुस्तकातली व्याख्या सांगून झाली की हे उदाहरण देते, आणि मुलं एकदम गप्प होतात कारण सकाळी त्यांच्या सोसायटीत येणाऱ्या मावशींची गोष्ट अशी असेल हे त्यांच्या डोक्यातच आलेलं नसतं.

१९९६ च्या सुमारास पुणे महापालिकेने या बायकांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. पण मला ज्याबद्दल मुख्य सांगायचंय तो भाग पुढचा आहे. संघटना झाली, मोर्चे झाले, तरी महापालिकेच्या लेखी या बायका म्हणजे स्वतःच्या पोटासाठी कचरा उचलणाऱ्या गरीब बायका, त्यांचं कल्याण करायचं तर उपकार म्हणून. यावर उत्तर म्हणून २००१ मध्ये विद्यापीठाच्या याच टीमने पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधल्या कचरावेचक, फेरीवाले भंगारवाले, भंगाराचे दुकानदार आणि रिसायकलिंगमधले कामगार यांचा अभ्यास केला, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या मदतीने. आणि त्यातून एक हिशोब बाहेर आला.

हिशोब असा. कचरावेचक रोज मिळून १४४ टन माल कचऱ्यातून बाजूला काढतात, तोही महापालिकेच्या गाडीत चढायच्या आधी. म्हणजे तेवढा कचरा महापालिकेला वाहून न्यावाच लागत नाही. त्या वेळच्या वाहतूक खर्चाने वर्षाचे १ कोटी ५८ लाख रुपये वाचत होते, नुसत्या वाहतुकीचे. भागाकार करून बघितलात तर टनाला साधारण ३०० रुपये पडतात. आणि माणशी बघितलं तर प्रत्येक कचरावेचक महिन्याला २४६ रुपयांचं काम महापालिकेसाठी फुकट करत होती.

२४६ रुपये. हा आकडा मला कुठल्याही थिअरीपेक्षा मोठा वाटतो. कारण तोपर्यंत बोलणं असं होतं की आम्हाला काहीतरी द्या, आणि या आकड्यानंतर बोलणं असं झालं की आमचे तुमच्याकडे निघतात. संघटनेच्या बायका, ज्यातल्या कित्येकींना सही करता येत नव्हती, त्यांनी हा हिशोब महापालिकेपुढे मांडला, आणि २००२-०३ मध्ये पुणे महापालिकेने कचरावेचकांचा आरोग्य विम्याचा हप्ता स्वतः भरायला सुरुवात केली. देशात अशी ही पहिली महापालिका. पुढे २००५ ला घरोघरी कचरा गोळा करायचा प्रयोग, मग स्वच्छ ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था आणि २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार. आज साडेतीन हजारांच्या आसपास सभासद, घरटी महिन्याची फी, आणि त्याच बायका आता कंटेनरमध्ये उतरण्याऐवजी आपल्या दारात बेल वाजवतात. करार वाढवायच्या वेळी दर खेपेला ओढाताण होते, कंत्राटदारांचं सावट असतं, लढाई संपली असं अजिबात नाही. पण लढायला जे हत्यार लागतं त्यातलं एक विद्यापीठाच्या अभ्यासातून आलं, ही गोष्ट समाजशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत पाहिजे असं मला कळकळीने वाटतं.

आणि यात अजून एक बारीक गोष्ट आहे. ही मंडळी अभ्यास करायला आली, करून गेली, असं झालंच नाही. दहा वर्षं आधी ओळख झालेली होती, त्यामुळे काय मोजायचं हे ठरवताना ते बायकांच्या कामाच्या आतून ठरलं. बाहेरून आलेल्या माणसाने काय मोजलं असतं? व्यसन, बालविवाह, मासिक उत्पन्न, शौचालय आहे का नाही. म्हणजे गरिबाकडे काय नाही याची यादी. या अभ्यासाने मोजलं की या बायका शहराला काय देतात. प्रश्न बदलला की आकडा बदलतो आणि आकडा कुणाच्या बाजूने बोलतो तेही बदलतं.

पुण्याला सर्व्हे काही नवीन नाहीत म्हणा. १९३० ला गोखले इन्स्टिट्यूट सुरू झाली, धनंजयराव गाडगीळांनी पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली, घरोघरी जाऊन माहिती गोळा करायची शिस्त या शहरात तेव्हापासूनची आहे. त्या शिस्तीबद्दल मला आदर आहे, नमुना कसा निवडायचा, फॉर्म कसा भरायचा हे नीट आलंच पाहिजे, त्यात ढिलाई नको. कळकळ आहे म्हणून गणित कच्चं चालत नाही, १४४ टनाचा आकडा कुणी खोडू शकलं असतं तर विमाही मिळाला नसता.

आता आमच्या मुलांबद्दल. दोन क्रेडिटमध्ये दहा वर्षांची ओळख होत नाही हे मला कळतं. सेमिस्टर कधी सुरू होतं आणि कधी परीक्षा लागते हे समजत नाही, मुलं पार्ट टाइम काम करतात, निम्मी लांबून लोकलने नाहीतर पीएमपीने येतात. त्यात कॉलेजांचं लक्ष कशावर, तर बॅनर धरून काढलेल्या ग्रुप फोटोवर, तो पण जिओ-टॅग असलेला. मी एका कॉलेजात परीक्षक म्हणून गेले होते तिथे रिपोर्टमध्ये वस्तीतल्या बायकांचे चेहऱ्यासकट फोटो, खाली नाव आणि उत्पन्न. विचारलं की यांची परवानगी घेतली होती का, तर मुलांना प्रश्नच कळेना. मुलांचा दोष नाही, त्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्याच्या घरातली गोष्ट लिहून घेताना विचारायचं असतं, नको म्हणाली तर पेन खाली ठेवायचं असतं, नाव बदलायचं असतं, हे पहिल्या दिवशी शिकवायला पाहिजे, चॅप्टर तीनमध्ये नव्हे.

माझ्याकडच्या एका गटाने मागच्या वर्षी कचऱ्याचाच विषय घेतला होता. मी त्यांना एकच अट घातली, प्रश्नावली करायची नाही, आधी नुसतं जाऊन बसायचं. कॉलेजच्या जवळ एक जागा आहे, दुपारी फेरी संपवून तिथे ताया माल निवडायला बसतात. मुलं तिथे गेली. पहिल्यांदा गेली तेव्हा नाकाला रुमाल, नंतर रुमाल गेला. पुठ्ठा एकीकडे, रद्दी एकीकडे, दुधाच्या पिशव्या वेगळ्या, पाण्याच्या बाटल्या वेगळ्या आणि त्यांची झाकणं परत वेगळी, कारण दोन्हींचा भाव सारखा नाही. एक मावशी हात न थांबवता नुसत्या आवाजावरून सांगायच्या, पिशवी चुरगळली की कशी वाजते त्यावरून कुठलं प्लास्टिक ते. आमच्या ग्रुपमधल्या मुलीने ते शिकायचा खूप प्रयत्न केला, मावशी म्हणाल्या, येईल गं, आम्हाला पण वर्ष गेलं.

मग मुलांनी विचारलं की मावशी, आम्ही तुमच्यासाठी काय शोधून काढू? लगेच उत्तर आलं नाही. पहिल्यांदा त्या हसल्या, मग म्हणाल्या नळ आणून द्या. मग काही दिवसांनी एकजण म्हणाली, असं करा, लोक एकत्र कचरा देतात ना, तो निवडायला आमचा किती वेळ जातो ते लिहून काढा, आम्ही सांगितलं तर म्हणतात तुमचं कामच आहे ते. झालं, टॉपिक मिळाला. मुलांनी मोबाइलचं स्टॉपवॉच लावलं, नीट वेगळा केलेला कचरा आणि एकत्र आलेला कचरा, दोन्ही वजन करून, दोन्ही निवडायला लागलेला वेळ लिहिला. किती वेळा काच लागली, सुई लागली, डायपर आणि पॅड न गुंडाळता आले, तेही लिहिलं. पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा हे पुण्यात इतकी वर्षं सांगितलं जातंय, तरीही मुलांच्या वहीत बिनठिपक्याच्या रांगाच रांगा होत्या. फरक इतका होता की मुलांनाच धक्का बसला. एकत्र कचऱ्याला कितीतरी जास्त वेळ, आणि माल ओला झाल्यामुळे भाव कमी तो वेगळाच.

रिपोर्ट झाला तो झाला, पण मी सांगितलं होतं की त्याचा एक पानाचा मराठी गोषवारा काढायचा, मोठ्या अक्षरात, आणि सगळ्यात आधी तायांना वाचून दाखवायचा. वाचून दाखवला तेव्हा त्यांनी दोन दुरुस्त्या सांगितल्या. एक म्हणजे मुलांनी फक्त निवडायचा वेळ धरला होता, एकत्र कचरा जड असतो म्हणून ढकलगाडी भरून दुसरी खेप मारावी लागते तो वेळ सुटला होता. दुसरी म्हणजे एका सोसायटीचं नाव काढायला लावलं, कारण नाव आलं तर त्यांचंच तिथलं काम जाईल. ही दुसरी दुरुस्ती मुलांच्या कायम लक्षात राहील, कुठलं मेथडॉलॉजीचं पुस्तक हे इतकं चांगलं शिकवणार नाही. दुरुस्त केलेलं पान घेऊन ताया आणि दोन मुली एका सोसायटीच्या मीटिंगला गेल्या. बोलल्या ताया, मुली फक्त कागद धरून मागे उभ्या होत्या. तिथल्या सेक्रेटरी काकांनी ते पान लिफ्टशेजारच्या बोर्डावर लावलं. त्या बिल्डिंगमध्ये सगळे सुधारले असं मी म्हणणार नाही, पण काही मजले नीट देतात असं ताया सांगतात, आणि महत्त्वाचं म्हणजे ते पान त्यांनी झेरॉक्स करून घेतलंय आणि दुसऱ्या सोसायट्यांमध्येही दाखवतात. आमचं काम संपलं तरी पान फिरतंय.

अशी कामं फक्त विद्यापीठवालेच करतात असंही नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गावाने अभ्यासगट चालवले, गावातलेच देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्याबरोबर गावाने स्वतःच जंगलाचा, कायद्याचा अभ्यास केला, निर्णय ग्रामसभेचा आणि अभ्यास अभ्यासगटाचा, आणि २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. मुंबईत पुकार संस्था वस्तीतल्या तरुण मुलामुलींनाच संशोधक बनवते, वर्षभर गटाने आपल्याच मोहल्ल्याचा एखादा प्रश्न अभ्यासायचा. हे वाचलं की आमच्या सेकंड इयरच्या मुलांकडे मी वेगळ्या नजरेने बघते, कारण वर्गातली कितीतरी मुलं स्वतः अशाच वस्त्यांमधून येतात. कम्युनिटीत जा म्हणून आपण त्यांना सांगतो आणि ती तर रोज संध्याकाळी तिथेच घरी जातात! एका मुलाची आई स्वतः कचऱ्याच्या कामात आहे, त्याने ते वर्गात पहिल्यांदा या प्रोजेक्टच्या वेळी सांगितलं, आणि त्यानंतर गटाला सगळ्यात जास्त त्यानेच शिकवलं.

म्हणून माझं सहकारी प्राध्यापकांना एक सांगणं आहे, आणि मी आमच्या विभागात हे लेखी दिलंय. सीईपीच्या मार्कांमध्ये काही मार्क फक्त या एका गोष्टीला ठेवा, की ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांना निष्कर्ष त्यांच्या भाषेत परत सांगितले का, आणि त्यांनी काय दुरुस्ती सुचवली. रिपोर्टला ती दुरुस्त्यांची यादी जोडायची, फोटोच्या आधी. मोठा खर्च नाही, एक पान झेरॉक्स आणि एक दुपार. शिवाय एकाच वस्तीत दरवर्षी नवीन गट नवीन प्रश्न घेऊन पाठवण्यापेक्षा तीन-चार वर्षं एकच प्रश्न पुढे न्यायचा, यंदाच्या मुलांनी मागच्यांची वही घेऊन सुरुवात करायची, म्हणजे तायांना दर जूनला परत पहिल्यापासून आपली गोष्ट सांगत बसावं लागणार नाही. कॉमर्सच्या मुलांना तर सोन्यासारखी संधी आहे, २००१ चा तो वाहतुकीचा हिशोब आजच्या डिझेलच्या भावाने, आजच्या टनाने परत मांडून बघा, माणशी किती रुपये निघतात ते काढा आणि पंचायतीच्या ऑफिसात नेऊन द्या.

यंदाच्या गटाला ताया परवा म्हणाल्या की आता ढकलगाडीचं बघा, चाक किती वेळा मोडतं आणि दुरुस्तीला स्वतःचे किती पैसे जातात. मुलांनी वही घातलीय, तारीख, काय मोडलं, कुणी दुरुस्त केलं, किती दिले असे रकाने आखलेत, आणि ती वही तायांकडेच ठेवलीय कारण चाक मोडतं तेव्हा आम्ही तिथे नसतो. ज्यांना लिहिता येतं त्या लिहितात, बाकीच्या त्यांच्याकडून लिहून घेतात.